जिवंत माणसाचं सुतक

१

धाकूकाकांच्या मरणाने कुणाचं काय भलं होणार होतं, याचा हिशेब रत्नप्रभाने मांडला तेव्हा जमेच्या बाजूला आधी काहीच सापडेना. कणकवलीच्या पलीकडे डोंगराला टेकलेलं एक मातीचं घर. दारात एक आंबा, तोही वर्षाआड धरणारा. गोठ्यात एक गाय, ती धाकूकाका सोडून दुसरं कुणीही जवळ गेलं की लाथ झाडायची. लग्न केलं नाही, त्यामुळे मागे रडणारंही कुणी नाही. असा माणूस गेला तर गावात गैरसोय झालीच तर त्या गाईची.

पण तेच मरण जोगेश्वरीत आणून ठेवलं की हिशेब पार उलटत होता. धाकूकाका अण्णांचे, म्हणजे रत्नप्रभाच्या वडिलांचे, चुलतभाऊ, एकाच भावकीतले. ते गेले म्हणजे पालवांच्या घराला दहा दिवसांचं सुतक. देवाला हात लावायचा नाही, नारळ फोडायचा नाही, हळदीकुंकू नाही, गळ्यात हार नाही, पुरुषांच्या गालाला वस्तरा नाही. आणि पंच्याऐंशी सालची महापालिकेची निवडणूक तोंडावर आलेली. उमेदवार विद्याधर पालव, म्हणजे रत्नप्रभाचा पाठचा भाऊ. हार, नारळ आणि हळदीकुंकू यांच्याशिवाय प्रचार कसा करायचा हे त्याच्या पक्षात कुणालाच माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी फोन आला, धाकूकाका गेले. रविवारची मैदानावरची सभा रद्द झाली. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, ज्यात वॉर्डातल्या चारशे बायकांना बोलावणं होतं, तेही रद्द. सोमवारी सकाळी कळलं, धाकूकाका ठणठणीत आहेत.

रत्नप्रभा मुलुंडहून रविवारीच येऊन राहिली होती. लेक लग्न होऊन गेली की तिला माहेरच्या भावकीचं सुतक लागत नाही, त्यामुळे देवापुढे दिवा लावायला घरात तीच एक मोकळी. नोकरी विमा कंपनीत, मृत्यूच्या दाव्यांच्या खात्यात. कोण किती रडलं यापेक्षा कोण कधी रडायला लागलं, हे बघायची तिला वीस वर्षांची सवय होती.

सोमवारी ती देवघरातून बाहेर आली तेव्हा विद्याधर हॉलमध्ये खुर्चीवर बसला होता आणि न्हावी त्याच्या तोंडाला साबण फासत होता. सुतक खोटं ठरल्याबरोबर त्याने पहिलं काम हेच केलं होतं.

"चंदूनेच केलंय हे," साबणाच्या फेसातून विद्याधर सख्ख्या भावाच्या नावाने ओरडला. "लिहून देतो तुला."

"बोलू नका साहेब, कापेल," न्हावी म्हणाला.

"कापू दे! रविवारी सकाळी या माणसाला घरी बोलावला होता, ताई. माझं, चंदूचं, अण्णांचं, तिघांचं दाढी-डोकं करून सभेला जायचं ठरलं होतं. दारातून परत पाठवला. त्या नंदकुमारने माझा वाढलेल्या दाढीतला फोटो काढून घेतलाय, भामट्यासारखा दिसतोय मी त्यात."

"मग नंदकुमारने केलं असेल. तो तुझ्या विरुद्ध उभा आहे."

"त्याला आमची भावकी काय माहीत? हे घरातलं माणूस आहे. तिकीट मला मिळालं तेव्हापासून चंदूच्या पोटात दुखतंय." विद्याधरने न्हाव्याचा हात बाजूला सारला. "ऐक. चाळीतल्या खोलीची भाडेपावती अजून माझ्या नावावर आहे. संध्याकाळपर्यंत चंदूने कबूल केलं नाही, तर नवराबायको दोघं रस्त्यावर. खोलीत मी प्रचाराचं ऑफिस टाकणार."

"आणि त्याने केलं नसेल तर?"

"तर तू शोधून दे कुणी केलं ते. तुझा धंदाच आहे तो."

अण्णा बाल्कनीत पाठमोरे बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

२

त्या इमारतीत फोन एकच, तळमजल्यावरच्या कुंदा कर्णिकांकडे. त्यामुळे वॉर्डाच्या राजकारणात कुंदाबाईंना कुठल्याही पक्षात नसताना वजन होतं.

"मीच घेतला फोन," त्या म्हणाल्या. "पुरुषाचा आवाज. म्हणाला, मी कणकवलीसून बोलतंय, धाकू पालव गेले, विद्याधरच्या घराक सांगा. मला दोनदा विचारावं लागलं बाई. तुमची ती मालवणी माझ्या डोक्यावरून जाते. तुमचे अण्णा बघा कसे बोलतात! दहा वर्षं ऐकतेय, एक शब्द गावचा नाही. परवासुद्धा म्हणाले, 'कुंदाबाई, आज उकाडा फार आहे.' अगदी रेडिओवरच्यासारखं."

"फोन घेतलात तेव्हा आधी ऑपरेटर काय बोलली?"

"कोण ऑपरेटर?"

"कणकवलीहून ट्रंक कॉल आला की आधी ऑपरेटर बोलते. कुठून आहे, कुणाला हवाय ते सांगते. मग लाइन जोडून देते."

कुंदाबाईंचा हात चहाच्या कपापाशीच थांबला. "नाही हो. ऑपरेटर नव्हतीच. घंटी वाजली, आत नाणं पडल्यासारखा खळ्कन आवाज आला आणि लगेच तो बोलायला लागला." त्यांनी डोळे मोठे केले. "अगंबाई! म्हणजे?"

म्हणजे धाकूकाकांना मारणारा माणूस कणकवलीत नव्हताच. तो मुंबईतल्या कुठल्यातरी डब्याच्या फोनपुढे सुटं नाणं घेऊन उभा होता.

३

स्वयंपाकघरात विद्याधरची बायको नलिनी एका टोपापुढे बसली होती. टोप कसला, लग्नाच्या पंगतीचं पातेलं. आत भिजवलेले हरभरे होते आणि त्यांना आंबूस वास सुटला होता.

"बघा वन्सं," ती म्हणाली. "शनिवारी सकाळी भिजत घातले. रविवारी चारशे बायकांच्या ओट्या भरायच्या होत्या. कैऱ्या किसून ठेवलेल्या, त्या काळ्या पडल्या. आता फेकायला गडी बोलवावा लागेल. यांना नगरसेवक व्हायचंय आणि घाम कुणाचा, तर माझा!"

"तुला हे हळदीकुंकू नकोच होतं, असं विद्याधर म्हणत होता."

"हो, नकोच होतं!" नलिनी उसळली. "घरातल्या गौरीला मतांच्या बाजारात कशाला बसवता, असं मी तोंडावर विचारलं. त्यावर म्हणाले, तुझं तोंड बंद ठेव आणि पन्हं गोड कर. मग? मी फोन केला म्हणता? करा आरोप. घरात तेवढाच राहिलाय."

रत्नप्रभाने मूठभर हरभरे उचलले आणि परत टाकले. जिला दुपारी सुतक पडणार हे माहीत आहे, ती बाई सकाळी एवढे हरभरे भिजत घालत नाही. आदल्या दिवशी डोकं दुखल्याचं सोंग करते. नलिनीचं नाव तिने तिथल्या तिथे खोडलं.

"बसले होते सगळे दाढ्या वाढवून," नलिनी पातेलं ढकलत पुटपुटली, "हे तर बघवत नव्हते. अण्णाच तेवढे नीट दिसत होते, ते शनिवारी सकाळीच डोकं भादरून आलेले. बाकी घर म्हणजे नुसती वाट लागलेली."

"आता कुठे निघाली आहेस?"

"कुठे जाणार? यांचा हुकूम आहे, सगळे हरभरे संध्याकाळच्या आत गायब झाले पाहिजेत. कुणी फोटो काढला तर!"

रत्नप्रभा चपला घालून चाळीकडे निघाली. जाताना तिने बाल्कनीत डोकावून बघितलं. अण्णांची खुर्ची रिकामी होती.

४

चाळीतल्या खोलीचं दार उघडंच होतं. चंद्रप्रकाश, म्हणजे चंदू, उंबऱ्यावर बसून पायातले बूट काढत होता. एस.टी.तून उतरून तो तसाच आला असावा, शर्टावर दोन रात्रींच्या सुरकुत्या होत्या.

"आली बघ सुलू, कोर्टातनं जज्ज आली," तो म्हणाला. "फाशी आज देणार की उद्या, ताई?"

"उठ आणि नीट बोल. विद्याधर म्हणतो, तू केलंस."

"तो काय वाट्टेल ते म्हणेल. साला संपात आमच्या घरात चूल पेटत नव्हती, तेव्हा तो बँकेतनं घरी जाताना या गल्लीतनं जायचा बंद झाला. लांबच्या रस्त्याने जायचा! आणि आता पत्रकावर काय छापलंय वाचलंस? 'संपात होरपळलेल्या गिरणी कामगाराचा सख्खा भाऊ.' होरपळलेला मी, आणि मतं त्याला!"

"मग राग येऊन तू फोन केलास."

"राग आलाय. कानफटात मारली असती त्याच्या. पण जित्या म्हाताऱ्याला मारायची अक्कल मला नाही यार." त्याने दुसरा बूट कोपऱ्यात भिरकावला. "मी शनिवारी संध्याकाळी बातमी ऐकली आणि मिळेल त्या गाडीने सुटलो. म्हटलं, धाकूकाकाला पोर नाही बाळ नाही, पाणी कोण देणार? गावात पोचलो तर हा माणूस अंगणात बसून गाईला दावं वळतोय. मला बघून म्हणतो कसा, 'चंदू, कोण मेला रे?'"

इतक्या रागातही रत्नप्रभाला हसू आलं. "मग?"

"मग काय, सांगितलं, तूच मेलायस. तर म्हणतो, 'बरा झाला. खोटा मराण इला की आयुष्य वाढता.' जेवायला घातलं मला पोटभर. कणकवलीत येऊन मीच तार केली, काका जिवंत आहे म्हणून. आणि इथे आलो तर मीच खुनी!"

"इथून जाताना कुणाला सांगून गेलास?"

आता उत्तर सुलक्षणाने दिलं. इतका वेळ ती चुलीकडे तोंड करून उभी होती. "मला सांगून गेले. अण्णांना नाही. अण्णांनी संध्याकाळीच येऊन बजावलं होतं, जाऊ नको म्हणून. तू पोचेपर्यंत माती झालेली असणार, उगाच गाडीभाडं घालू नकोस म्हणाले. यांनी ऐकलं नाही."

"आणि तुला काय वाटलं, सभा रद्द झाल्यावर?"

सुलक्षणा वळली. तिचे डोळे कोरडे होते. "खरं सांगू? देवाला हात जोडता येत नव्हते म्हणून, नाहीतर जोडले असते. वन्सं, तुम्हाला ठाऊक आहे रविवारी काय होणार होतं? मला स्टेजवर उभं करणार होते. गिरणी कामगाराची पीडित पत्नी म्हणून. आणि भाऊजी आपल्या हाताने मला शिवणयंत्र देणार होते, फोटोवाल्यासमोर. म्हणे लुगडं जुनंच नेस, ठिगळ दिसेल असं. घरात माझ्या दोन चांगली लुगडी आहेत! सख्खी भावजय आहे मी, भिकारीण नाही."

"हे कुणाला बोललीस?"

"कुणाला बोलणार? खोली त्यांच्या नावावर. यांना कळलं असतं तर यांनी स्टेजवरच मारामारी केली असती आणि खोली गेली असती. एकदा फक्त अण्णा आले होते तेव्हा मी रडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाणी प्यायले आणि गेले."

चंद्रप्रकाश बायकोकडे बघतच राहिला. त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. मग तो उठला आणि बूट न घालताच दाराकडे निघाला.

"कुठे?" रत्नप्रभा आडवी आली.

"त्याच्या घरी. यंत्र घेऊन येतो. त्याच्या डोक्यात घालायला."

"बस खाली! आज तू त्याच्या अंगावर हात टाकलास तर त्याला हवं तेच होईल. संध्याकाळी तुम्ही दोघं तिकडे या. मी बोलावते. आणि तोंड बंद ठेवायचं, मी विचारीपर्यंत."

५

नंदकुमार शिरोडकर मागच्या गल्लीत शिकवणी घ्यायचा आणि आईबरोबर राहायचा. पालवांची ताई दारात बघून त्याने आत येऊ दिलं, खुर्ची दिली, पण चेहरा काही सैल केला नाही.

"भावाने हेरगिरीला पाठवलं?"

"धाकूकाकांना कुणी मारलं ते शोधतेय."

"कोण धाकूकाका?" नंदकुमार म्हणाला. "तुमच्या घरात कुणी गेलं म्हणून सभा रद्द, एवढंच मी ऐकलं. म्हटलं, बरं झालं, दोन दिवस भोंगा बंद. फोटो काढला, ते कबूल. निवडणूक आहे, गणेशोत्सव नाही."

"फोन तुम्ही केला नाहीत?"

"मला करायचा असता तर मी तुमच्या मामांना मारलं असतं. ते आडदांड गृहस्थ रोज तुमच्या भावाच्या शेजारी जीपमध्ये उभे असतात, पत्रकावर फोटोसुद्धा आहे त्यांचा. ज्याचं नाव वॉर्डात कुणाला माहीत नाही, त्याला मारून मला काय मिळणार?" तो उभा राहिला. "तुमच्या भावाला मी पाडणार आहे, बाई. पण मतांनी. सांगा त्याला."

आतून त्याच्या आईने चहा होतोय म्हणून हाक मारली. रत्नप्रभा थांबली नाही. तिला हवं होतं ते मिळालं होतं. बाहेरच्या माणसाने पालवांचा मामाच मारला असता, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. मामा दुसऱ्या कुळाचा. त्याच्या मरणाने नलिनीचं हळदीकुंकू अडलं नसतं आणि विद्याधरची दाढीही फार दिवस वाढली नसती. ज्याने धाकूकाका निवडले, त्याला भावकी तोंडपाठ होती. मागे कुणी नाही, जवळपास फोन नाही, खरं-खोटं करायला दहा दिवसांत कुणी जाणार नाही, इतका नेमका माणूस त्याने मरणासाठी शोधला होता.

आणि जोगेश्वरीतल्या घरात तसे पुरुष तीनच होते.

६

संध्याकाळी सगळे हॉलमध्ये जमले. विद्याधर गुळगुळीत दाढी करून, खादीचा झब्बा घालून मधल्या खुर्चीवर. नलिनी दाराला टेकून. चंद्रप्रकाश आणि सुलक्षणा उभेच, त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. अण्णा कोपऱ्यात स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून.

"आटप, ताई," विद्याधर म्हणाला. "खाली कार्यकर्ते थांबलेत. चंदूने कबूल केलं ना?"

"फोन मुंबईतूनच आला होता," रत्नप्रभा म्हणाली. "पुरुषाचा आवाज होता. ज्याला भावकी माहीत आहे असा पुरुष. म्हणजे तू, चंदू किंवा..."

"मी? माझीच सभा मी बंद पाडीन?"

"नाही पाडणार. सभेसाठी तू आईचं श्राद्धही पुढे ढकललं असतंस. तू नाहीस."

"मग उरला कोण? हा!"

"हा नाही. ज्याने खोटी बातमी उठवली त्याला दहा दिवस हवे होते. ही बातमी खोटी आहे हे दोनच दिवसांत उघडकीला कुणामुळे आलं? चंदूमुळे. चोर स्वतः जाऊन पोलिसाला उठवत नाही, विद्याधर. उलट, चंदूने गावाला जाऊ नये म्हणून त्याला अडवायला एक माणूस गेला होता."

नलिनी दारापासून दोन पावलं पुढे आली.

"तू रविवारी न्हावी घरी बोलावला होतास," रत्नप्रभा पुढे म्हणाली. आता तिचाही आवाज खाली आला होता. "तिघांसाठी. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी एका माणसाने शनिवारी सकाळी बाहेर जाऊन डोकं करून घेतलं. शनिवारी! मारुतीच्या वारी ज्याने उभ्या जन्मात केसाला कात्री लावली नाही, त्याने. का? कारण रविवारी न्हावी परत जाणार हे त्याला ठाऊक होतं. त्यानंतर दहा दिवस केस वाढवायचे, ऐन उन्हाळ्यात, आणि दर उन्हाळ्यात त्याच्या मानेला घामोळं येतं. सुतक खोटं होतं, पण पाळावं तर खरंच लागणार होतं."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच मानेकडे वळल्या. पांढरी, स्वच्छ कापलेली मान.

"कुंदाबाईंनी आवाज ओळखला असता," नलिनी कशीबशी म्हणाली. "त्या रोज बोलतात अण्णांशी."

"अण्णा त्यांच्याशी शहरातलं बोलतात. मालवणी बोलणारे अण्णा कुंदाबाईंनी कधी ऐकलेच नाहीत."

अण्णांनी हात गुडघ्यांवरून उचलले.

"पुरे गो," ते म्हणाले. "मीच केलंय. स्टेशनार जावन नाणा टाकलंय. धाकूचा नाव घेतलंय, तो माका माफ करतलो." मग विद्याधरकडे बोट करून त्यांचा आवाज चढला. "सून ती माझी! तिका भिकारणीसारखी स्टेजार उभी करतलंस? फाटक्या लुगड्यात? संपात तिना शेजाऱ्याकडे मूठभर तांदूळ मागूक नाय, आणि तू तिका मशीन देतलंस? फोटो काढून?"

"मग मला सांगायचं होतंत!" विद्याधर ओरडला.

"सांगलंय. दोनदा. तू म्हणालंस, अण्णा, माझ्या घरात खाताव, गप बसा." अण्णांनी बोट खाली घेतलं. "सुतकाक मात्र तुझी ताकद नाय होती, गप बस म्हणूची."

सुलक्षणाने पदर तोंडाला लावला. चंद्रप्रकाश अण्णांच्या स्टुलापाशी जाऊन खाली बसला, लहानपणी बसायचा तसा.

विद्याधर उठला आणि खिडकीपाशी गेला. खाली कार्यकर्त्यांच्या घोषणा चालू होत्या. रत्नप्रभाला वाटलं, आता हा बापाला घराबाहेर काढतो. पण तो वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब होता.

"बाहेर कुणाला माहीत आहे हे?"

"आपल्या सहा जणांखेरीज कुणालाही नाही."

"मग हे नंदकुमारने केलं," विद्याधर म्हणाला. हळूहळू त्याला स्टेजवरचा आवाज चढत गेला. "आमच्या जिवंत काकाला या लोकांनी मारलं. आमच्या देवाचा दिवा विझवला. वॉर्डातल्या चारशे सवाष्णींच्या कुंकवाचा अपमान केला. आणि हे सांगणार कोण? स्वतः अण्णा. बुधवारच्या सभेत."

"मी नाय," अण्णा म्हणाले.

"मग हे चंदूने केलं. तसंच सांगीन मी माईकवर. आणि खोली आज खाली करायची."

रत्नप्रभाने आयुष्यभर तडजोडी बघितल्या होत्या. समोरच्याला काय हवं आहे आणि त्यासाठी तो काय सोडेल, याचा अंदाज तिचा कधी चुकत नसे. नंदकुमारचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. तिने तो बाजूला केला.

"सांगतील अण्णा," ती म्हणाली. "पण आधी खोलीची पावती चंदूच्या नावावर कर. घरमालकाकडे उद्या सकाळी आपण तिघं जाऊ. आणि सुलक्षणा कुठल्याही स्टेजवर चढणार नाही. कबूल?"

"कबूल," विद्याधर ताबडतोब म्हणाला.

अण्णांनी मुलीकडे बघितलं. "तू पण गो?" एवढंच ते म्हणाले.

७

बुधवारी मैदान भरलं. अण्णांना दोघांनी धरून स्टेजवर चढवलं. माईकपुढे ते पढवलेली दोन वाक्यं बोलले आणि रडू लागले. ते खरंखुरं रडणं होतं. लोकांना वाटलं, भावाच्या अपमानापायी. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, पोरांनी नंदकुमारच्या नावाने शिव्या दिल्या, आणि त्या संध्याकाळी मागच्या गल्लीत दगड पडले.

विद्याधर निवडून आला. चांगल्या मतांनी आला.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर रत्नप्रभा एकदा चाळीत आली होती. पावती चंद्रप्रकाशच्या नावाची झाली होती, सुलक्षणाने खोलीला रंग दिला होता. अण्णा आता तिथेच राहायचे. बोलायचे फार कमी. परत जाताना ती मागच्या गल्लीतून निघाली. नंदकुमारच्या दाराबाहेर पूर्वी मुलांच्या चपलांचा ढीग असायचा. आता एकही जोड नव्हता. खिडकीच्या फुटलेल्या काचेला पुठ्ठा लावला होता.

तो दारातच उभा होता. त्याने तिला ओळखलं.

"बाई, तुम्ही त्या दिवशी चौकशीला आला होतात," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला नको होतं. "सापडलं का, कुणी केलं ते?"

"नाही," रत्नप्रभा म्हणाली.

"सापडलं तर सांगा. मुलं गेली, ती येतील परत, नाहीतर दुसरी येतील. पण आई रोज जेवताना विचारते, नंद्या, खरंच तू केलंस का रे."

ती हो म्हणाली आणि चालायला लागली. गल्लीच्या टोकापर्यंत तिने मागे बघितलं नाही. पण सवयीने तिच्या मनात बेरीज चालूच होती. विद्याधरला गादी मिळाली होती. चंदूला घर मिळालं, सुलक्षणेची लाज राहिली, तिच्या स्वतःच्या गाठीला तडजोड जमवल्याचं समाधान यायला हवं होतं, ते आलं नव्हतं. देणेकरी दोन. अण्णांनी भरलं ते निदान त्यांनी स्वतः केलेल्याचं होतं. नंदकुमारने भरलं, ते सगळंच्या सगळं पालवांचं.